वसुलीआधी चूक आणि फसवणूक वेगळी करा

सरकारी तिजोरीतून अपात्र व्यक्तीच्या खात्यात गेलेला पैसा परत आला पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणाकडून, किती आणि कोणत्या पद्धतीने परत घ्यायचा याचा. 'पंतप्रधान किसान सन्मान निधी' आणि 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या दोन योजनांनी हा प्रश्न राज्यात घरोघरी नेला आहे. पहिल्या योजनेत अपात्र ठरलेल्यांना तहसील कार्यालयातून वसुलीच्या नोटिसा गेल्या. दुसरीत अपात्र महिलांचा पुढील हप्ता बंद झाला. मात्र दिलेले पैसे परत घेणार नाही, असे सरकारने सांगून टाकले. सरकारकडे दोन मापे का, असा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांच्या आधारावर येथे उसाची शेती फुलली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहन, खाद्यपदार्थ आणि वस्त्रोद्योग आले. इंदापुरात लोणी देवकरची वसाहत झाली. परिणामी 'शेतकरी' आणि 'नोकरदार' या दोन ओळखी येथे एकाच घरात, अनेकदा एकाच माणसात नांदतात. सातबाऱ्यावर नाव वडिलोपार्जित वीस गुंठ्यांपुरते, पण चरितार्थ कारखान्यातील पगारावर, अशी कुटुंबे गावोगावी आहेत. पात्रतेची रेषा सर्वाधिक पुसट होते ती अशाच घरांत.

किसान निधीचा अनुभव

किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ फेब्रुवारी २०१९ मध्ये झाला. वर्षाला सहा हजार रुपये, तीन समान हप्त्यांत. सुरुवातीची दोन हेक्टरची मर्यादा काही महिन्यांतच उठवण्यात आली आणि सर्व जमीनधारक कुटुंबे योजनेत आली. मागील वर्षी आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी सेवेतील आजी-माजी कर्मचारी, दरमहा दहा हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे आणि नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते यांना मात्र वगळण्यात आले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. याद्या घाईने तयार झाल्या, शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरले गेले आणि आयकर विभागाच्या नोंदींशी ताळा नंतर झाला.

त्याचा परिणाम माहिती अधिकारात उघड झालेल्या आकडेवारीत दिसला. जुलै २०२० पर्यंत देशात २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १ हजार ३६४ कोटी रुपये दिले गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक आयकरदाते होते, तर महाराष्ट्रातील अपात्रांची संख्या २ लाख ८६ हजार होती. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार अपात्रांकडे गेलेली रक्कम ४ हजार ३५० कोटींच्या घरात पोहोचली होती. वसुली झाली होती सुमारे २९७ कोटींची. २०२५ पर्यंत ती ४१६ कोटींवर गेली. म्हणजे गेलेल्या पैशाचा दहावा हिस्साही परत आलेला नाही.

मुळात आयकराचा निकषच फसवा आहे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने पंधरा एकर बागायती ऊस असलेला शेतकरी योजनेस पात्र ठरतो. मात्र वीस गुंठ्यांचा मालक असलेल्या कामगाराच्या पगारातून काही शे रुपये कर कापला गेला, की तो त्या वर्षापुरता अपात्र होतो. कराची मर्यादाही स्थिर नाही. २०१८-१९ मध्ये तीन लाखांच्या पुढे करपात्र उत्पन्न असलेल्याला कर भरावा लागे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न व्यवहारतः करमुक्त झाले. त्यामुळे पूर्वी महिना पस्तीस-चाळीस हजार पगारावर अपात्र ठरलेला खासगी कामगार आज त्याच्या दुप्पट पगारावरही निव्वळ या निकषाने अपात्र ठरणार नाही. नियम असा दर वर्षी सरकत असताना जुन्या हप्त्यांसाठी आलेली नोटीस हाती घेणाऱ्याला आपण नेमका कोणता गुन्हा केला, हे उमगणे कठीणच.

लाडक्या बहिणीला माफी

२८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर केली. ते विधानसभेत बारामतीचेच प्रतिनिधित्व करीत होते. २१ ते ६५ वयोगटातील महिलांना दरमहा दीड हजार रुपये आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, असे तिचे स्वरूप ठरले. आधी घातलेली पाच एकर जमिनीची अट काही दिवसांतच वगळण्यात आली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सूट मिळाली. येथेही निवडणूक जवळ होती आणि येथेही भिस्त हमीपत्रावरच होती.

छाननी सुरू झाली ती निवडणुकीनंतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्या. त्यांत संजय गांधी निराधार योजनेच्या २ लाख ३० हजार लाभार्थी आणि पासष्टी ओलांडलेल्या १ लाख १० हजार महिला होत्या. त्यांच्याकडून रक्कम परत घेतली जाणार नाही, असे महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी तेव्हाच स्पष्ट केले. मे महिन्यात २ हजार २८९ सरकारी कर्मचारी महिलांनी लाभ घेतल्याचे समोर आले. जुलैमध्ये २६ लाख ३४ हजार लाभार्थी संशयित ठरून त्यांचा हप्ता रोखण्यात आला. काही ठिकाणी पुरुषांनीच लाभ घेतल्याचेही दिसले आणि त्यांच्याकडून वसुली करण्याची भाषा सरकारने केली.

आता या दोन्ही योजना एका घरात पाहू. समजा, कालव्याकाठच्या एका गावातील कामगाराने आयकर भरला आणि किसान निधीचे हप्तेही घेतले. त्याच्या पत्नीने लाडकी बहीण योजनेचे पैसे घेतले. दोघेही अपात्र ठरतात ते एकाच कारणाने, घरात आयकर भरला जातो म्हणून. पतीला पैसे परत करण्याची नोटीस येते. पत्नीला माफी मिळते. हा भेद कायद्याने केलेला नाही, तो मतपेटीने केलेला आहे. याच तालुक्यांच्या जिरायती पट्ट्यातील एखादी विधवा कागदपत्रांतील नावाच्या तफावतीमुळे हप्त्यासाठी हेलपाटे घालत असेल, तर तिला यातून काय दिसते, याचाही विचार व्हायला हवा.

तीन प्रकार, तीन उपाय

अपात्रांचे सरळ तीन वर्ग पडतात. पहिला फसवणुकीचा. स्त्रीच्या नावाने अर्ज करणारा पुरुष किंवा सरकारी नोकरी लपवणारी व्यक्ती यात येते. येथे पूर्ण वसुली आणि कारवाई दोन्ही हवे. मात्र घरातील स्त्रीचे बँक खाते नाही म्हणून पतीचे खाते दिले गेले असेल, तर ती फसवणूक नव्हे. ही तपासणी नोटिशीपूर्वीच झाली पाहिजे. दुसरा वर्ग अर्जदाराच्या प्रामाणिक चुकीचा. येथे लाभ थांबवून मुद्दल सोयीच्या हप्त्यांत घ्यावे. तिसरा वर्ग प्रशासनाच्या चुकीचा. ज्याने काही लपवले नाही आणि ज्याची माहिती सरकारदरबारी आधीपासून होती, त्याला पैसे गेले असतील तर दोष यंत्रणेचा. संजय गांधी योजनेच्या लाभार्थींची नावे आणि अर्जदारांचे वय सरकारला ठाऊकच होते. अशी रक्कम सोडून देणेच न्याय्य. परंतु ती नियमाने सोडावी, घोषणेने नव्हे.

हा विचार नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या रफीक मसीह खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून दिलेल्या जादा वेतनाबाबत हीच दिशा दाखवली होती. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळालेले कर्मचारी यांच्याकडून वसुली करणे न्यायालयाने गैर ठरवले. अमेरिकेतही बेकारभत्ता चुकून जादा दिला गेला आणि त्यात लाभार्थीचा दोष नसला, तर वसुली माफ करण्याची तरतूद अनेक राज्यांत आहे. फसवणूक करणाऱ्याला ती मिळत नाही.

सरसकट वसुलीचे काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने घेतला. तेथे बेकारभत्ता आणि अन्य भत्ते घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न संगणकाने पंधरवड्यांत सारखे विभागून कर्जाच्या नोटिसा काढल्या गेल्या. हंगामी कामगारांचे उत्पन्न असे समान नसतेच. अखेर ही पद्धत बेकायदा ठरली, सरकारला वसूल केलेली रक्कम परत करावी लागली आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने तिच्यावर कठोर ताशेरे ओढले.

महाराष्ट्राला इतके दूर जाण्याची गरज नाही. नोटिशीत अपात्रतेचे वर्ष, हप्ता आणि कारण मराठीत लिहावे. तहसील पातळीवर सुनावणी द्यावी. ठरावीक रकमेखालील प्रशासकीय चुकांची वसुली नियमानेच माफ करावी, कारण दोन हजारांच्या हप्त्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना चार फेऱ्या मारायला लावणे हाही तिजोरीवरील भारच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छाननी पैसे देण्यापूर्वी व्हावी. निवडणुकीपूर्वी डोळे मिटून वाटप आणि निवडणुकीनंतर डोळे वटारून तपासणी हा क्रम बदलला नाही, तर पुढच्या योजनेतही हीच यादी तयार होईल. तिचा भुर्दंड मात्र वकील गाठू न शकणाऱ्यालाच पडेल.