ट्रंकेची किल्ली आणि कंपनीची कृपा

आमचे वडील वारले तेव्हा त्यांच्या जानव्याला एक किल्ली होती. तेरावा उरकल्यावर आईच्या सांगण्यावरून दादांनी ती ट्रंकेला लावली. आत जमिनीचे कागद निघाले, देण्याघेण्याच्या पावत्या निघाल्या, आणि आत्याने सासरहून लिहिलेली, आम्हां मुलांना कधीही न दाखवलेली पत्रे निघाली. आम्ही ती वाचली, रडलो, आणि पुन्हा बांधून ठेवली. ट्रंक उघडण्यापूर्वी ती बनविणाऱ्या कारागिराची परवानगी घ्यावी, हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. त्यांची ट्रंक एका कंपनीच्या यंत्रात होती. वीस वर्षे हा माणूस मावळातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करीत हिंडला. आधी वह्यांत, मग संगणकावर, आणि शेवटी सारे काही इंटरनेटवरच्या एका खात्यात. त्यात बायकांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे आहेत, टिपणे आहेत, अर्धे लिहून झालेले पुस्तक आहे. एका मुद्रणात आमच्या आईचा आवाज आहे. आई आता नाही, आणि तो आवाज दुसरीकडे कोठेही नाही.

वहिनींनी कंपनीकडे अर्ज केला, दाखले जोडले. उत्तर आले; खाली कोणा माणसाची सही नव्हती. करार खातेदाराशी होता, तो दुसऱ्याकडे जात नाही, न्यायालयाचा हुकूम आणल्यास विचार करू. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, हे गेले ते मला कळलं. पण ह्यांचं लिहिलेलं कुठं गेलं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या कायद्याला देता येत नाही, ही माझी तक्रार आहे.

1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोखे ह्यांपुरते असते. आईचा आवाज हे येणे नव्हे आणि रोखाही नव्हे. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या विनियमाखाली वारस दाखला मिळतो. वारस कोण ते तो सांगतो. कंपनीने काय द्यावे ते सांगत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला पहिल्या वर्गात बसविले. पण पंगतीला बसवून पान वाढलेच नाही, तर त्या मानाचे करायचे काय?

1957 चा कॉपीराइट कायदा तर ह्याहून गमतीचा. लेखकाचा हक्क त्याच्याबरोबर मरत नाही, तो वारसांकडे जातो, असे तो म्हणतो. मृत्युपत्राने कोणाला अप्रकाशित हस्तलिखित दिले, तर उलट इच्छा दिसत नसल्यास हक्कही त्यासोबत गेला असे समजावे, हेही तो सांगतो. म्हणजे वही मिळाली की हक्क मिळतो. वहिनींना हक्क मिळाला आहे, फक्त वही मिळत नाही. जे वाचता येत नाही त्याच्या त्या मालक आहेत!

सरकारला ही मालमत्ता दिसतच नाही, असेही नाही. 2022 च्या अर्थसंकल्पाने आभासी चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर बसविला. कर घेताना मालमत्ता स्पष्ट दिसते. वारसाच्या हाती देताना मात्र ती धूसर होते.

कोणी म्हणतील, 2023 चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा झाला आहे. मृत्यूनंतर आपले हक्क चालविण्यासाठी त्यात एखाद्याला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. आहे खरी. पण ज्याने कोणालाच नेमले नाही त्याच्या घरच्यांनी काय करावे? शिवाय नामनिर्देशित म्हणजे वारस नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत 1983 साली आणि शेअरांबाबत 2023 साली स्पष्ट केले आहे. किल्ली एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे, हा तंटा आता नव्या घरातही शिरणार.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. मृताची गुपिते असतात; त्याला पत्रे लिहिणाऱ्यांचीही असतात. त्यांचे काय? ह्याच प्रश्नाला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2018 साली उत्तर दिले. बर्लिनमध्ये 2012 साली पंधरा वर्षांची एक मुलगी रेल्वेखाली सापडून मेली. तो अपघात होता की आत्महत्या, हे आईबापांना जाणून घ्यायचे होते. फेसबुकने खाते उघडू दिले नाही. न्यायालय म्हणाले, रोजनिशी आणि खाजगी पत्रे वारसांकडे जातात, मग खात्यातल्या मजकुराला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. आत्याची पत्रेही गुपितेच होती. वडिलांना ती जाळता आली असती. त्यांनी जाळली नाहीत. तो निर्णय त्यांचा होता, ट्रंकवाल्याचा नव्हे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. खात्यातला मजकूर ही मृताची मिळकत आहे, असे कायद्याने एका वाक्यात म्हणावे, आणि ह्याविरुद्धचा करार रद्द समजावा. वारस दाखला पाहून ठराविक दिवसांत कंपनीने मजकुराची प्रत द्यावी. अर्ज पडून असेपर्यंत काहीही पुसू नये. मृताने स्वतः "हे कोणाला दाखवू नका" असे लिहून ठेवले असेल, तर मात्र ते सर्वांनी पाळावे. गूगलने 2013 पासून आणि अॅपलने 2021 पासून मागे कोणाला काय द्यावे हे नोंदविण्याची सोय ठेवली आहे. ती चांगली आहे. पण सोय ही मेहेरबानी असते, आणि वारसा हा हक्क असतो.

तोवर वाचकहो, एवढे करा. मृत्युपत्र कागदावरच लिहा, कारण 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला संगणकाबाहेरच ठेवले आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. खाती कोणती आणि ती कोणाला द्यायची, ते त्यात नावानिशी लिहा.

धनत्रयोदशीला आपण यमासाठी दिवा लावतो. सावित्रीला निदान यमाशी समोरासमोर बोलता आले, आणि त्याने तिचे ऐकूनही घेतले. वहिनींचा अर्ज अजून पडून आहे. तो कोणापुढे पडला आहे, हेसुद्धा आम्हांला ठाऊक नाही.