बलक म्हणजे पिल्लू नव्हे!

अंड्यातला पिवळा बलक म्हणजेच उद्याचं पिल्लू आणि पांढरा भाग त्याचं खाणं, ही समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही पक्की आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईने यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण पडतेच!

पिल्लू होतं ते बलकावरच्या फिकट ठिपक्यापासून. बलक हा त्याचा शिधा. (अन्न बलकातून मिळतं, हे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय.) उबवणीच्या तिसऱ्या दिवशी बलकावर रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते आणि तिच्यातून स्निग्धांश, प्रथिनं, जीवनसत्त्वं पिल्लाकडे जातात. पांढराही रिकामा बसत नाही, पाणी आणि प्रथिनं पुरवतो. हाडांसाठी चुना मिळतो तो मुख्यतः कवचातून.

मला सगळ्यात नवल वाटतं ते शेवटाचं. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, पण त्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. बाळ डबा पोटात घेऊनच जन्मतं म्हणा ना! खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एका वेळी थोडीच फुटतात? आधी आलेल्याने मागच्या भावंडांसाठी आईच्या पंखाखाली थांबायचं, त्यासाठी ही सोय.

आपण माणसांनी मात्र या सोयीचा भलताच अर्थ काढला. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांब पाठवतात ती याच भरवशावर. माझ्या भाचेसुनेने परसात पाळायला पंचवीस पिल्लं घेतली, तर विकणारा म्हणाला, "दोन-तीन दिवस काही नाही दिलं तरी चालतं." अहो, जगतात हे खरं, पण जगणं आणि पोसणं एक का? दाणा पोटात गेला की आतडी झपाट्याने वाढतात, उशीर झाला की वाढ मागे पडते. पोटातला बलकसुद्धा खाणं सुरू झाल्यावर लवकर वापरला जातो. नेदरलँड्समध्ये तर अंड्यातून बाहेर आल्याबरोबर दाणापाणी समोर ठेवणारी केंद्रं आहेत. आपल्याकडे निदान खोकं घरी आल्यावर तरी "उद्या बघू" नको.

भाचेसुनेला फोनवर सांगितलं, आधी बल्बची ऊब, मग पाणी, मग मक्याची बारीक भरड. चोच पाण्यात बुडवून दाखव, एकाने प्यायलं की बाकीची बघून पितात.