वहीत न मांडलेला खर्च

दिवाळी पाडव्याला लातूरच्या आडतीत नव्या वह्या उघडतील. सोयाबीनचा भाव, ओलाव्याची घट, हमाली, तोलाई सगळे त्यांत मांडले जाईल. रानात टाकलेल्या युरियातला पिकाने किती खाल्ला, हे मात्र कुठल्याच वहीत सापडायचे नाही. त्याची नोंद विहीर ठेवते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातील 15 जिल्ह्यांत नांदेड आहे. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची. महाराष्ट्रातले एक तृतीयांशाहून अधिक नमुने तिच्या वर गेले. असे पाणी दिसायला नितळच असते. उकळले तरी नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्याचे वरचे दूध त्यात कालवले, तर बाळाचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यात कमी पडू शकते. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा लातूर घागरी मोजायला शिकले. घागरीत काय आहे, हे विचारणे राहूनच गेले.

उकिरडे आणि शोषखड्डे या नायट्रेटचे वाटेकरी आहेतच. पण 2025 च्या अतिवृष्टीत शिवारे तुंबली, पिके पिवळी पडली आणि वाफसा येण्याआधीच ‘टाका युरिया’ सुरू झाले. शेतकऱ्याला बोल लावणे सोपे. साऱ्या खतांत स्वस्त गोणी युरियाचीच. मातीत युरियाचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. काळी माती अमोनियम धरून ठेवते, नायट्रेट तिच्या हाती लागत नाही. ते पाण्याबरोबर मुळांखाली जाते आणि बेसाल्टच्या फटींतून विहीर गाठते.

उपाय आपल्याच रानातले आहेत. सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे युरियाची जेमतेम दीड गोणी. बाकीचे नत्र मुळांवरच्या गाठी हवेतून मिळवतात. त्यात तुरीच्या ओळी घेतल्या, तर खाली निसटलेले नत्र तुरीची खोल मुळे वर आणतात. गव्हाला नत्र हप्त्याने, अर्धापूरच्या केळीला ठिबकमधून थोडे थोडे. आणि आभाळ भरून आले, की गोणी घरातच राहू द्यावी.

 वहीपूजनाला एक पान खताला द्या: कधी टाकले, किती टाकले, नंतर पाऊस किती झाला. आणि शेवटच्या ओळीत, विहिरीचे पाणी तपासले का?