लेकराच्या वजनाची रेघ पाहिलीत का?

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर आरोग्याची रंगीत चित्रे धो धो येतात. साखर किती हवी, कोणत्या वयाला रक्तदाब किती चालतो, असे तक्ते मोबाईलमध्ये दाखवत पेशंट दवाखान्यात शिरतात. एक आजोबा असाच तक्ता पाहून रक्तदाबाची गोळी बंद करून आले होते. त्यांच्या वयाला १६० चालतो, असे त्यात हिरव्या रंगात छापले होते. खाली ना छापणाऱ्याचे नाव, ना साल. वाचकहो, वय वाढले म्हणजे रक्तदाब वाढणारच आणि त्याला औषध नको, ही समजूत साफ चुकीची आहे. पण हिरवा रंग दिसला की माणसाचा जीव भांड्यात पडतो!

म्हणून चित्रांना नावे ठेवायची का? मुळीच नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५८ साली, सैनिकांच्या मृत्यूंची पाकळ्यांसारखी आकृती छापली. जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्यातून साहेबलोकांना एका नजरेत कळले.

आपल्याकडे असे सर्वात उपयोगी चित्र घराघरांतल्या पेटीत पडून आहे. माता व बाल संरक्षण कार्डातला वाढीचा तक्ता. आडवे वय, उभे वजन. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना असा तक्ता रुजवला. आज आपण वापरतो तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मोजमापांवर बेतलेला आहे. हिरवा पट्टा ठीक, पिवळा कमी वजनाचा, नारिंगी फार कमी वजनाचा. मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा.

आता एक उदाहरण घ्या. मुलगी नऊ महिन्यांची असताना वजन ८ किलो. दहाव्या, अकराव्या, बाराव्या महिन्यालाही ८ किलोच. चारही टिंबे हिरव्या पट्ट्यात येतात. आई म्हणते, पोरगी हिरव्यात आहे. पण टिंबे जोडा. रेघ आडवी पडली आहे! तीन महिने लेकरू वाढलेलेच नाही. वरचे अन्न कमी पडते, जुलाब होतात, की छातीत काही आहे, हे तेव्हाच शोधायचे असते. पिवळ्यात उतरेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. रंगापेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची, हे मी आयांना सांगून थकत नाही.

आपल्या भागात ही रेघ बहुधा कुठे अडते, ते सांगायला ज्योतिषी नको. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कुटुंब निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. मधल्या महिन्यांत टिंबेच नसतात, कारण कार्ड घरी राहते.

अंगणवाडीत २०२१ पासून वजने पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये भरली जातात. चांगली सोय आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती रेघ ताईंच्या मोबाईलपुरती राहू नये. आईच्या समोर, तिच्या कार्डावर, पेनाने काढावी. शक्य तर टिंब तिलाच देऊ द्यावे. 'अडाणी बायकांना आलेख काय कळणार?' असे विचारणारे शिकलेले लोक मला भेटतात. त्यांनी शेजारच्या जामखेडला जाऊन यावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बायकाच गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. जी बाई दुधाच्या मापात अर्ध्या लिटरचा फरक पकडते, तिला रेघ चढली की पडली हे कळत नाही होय?

तेव्हा यंदा फडावर जाताना कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. तिथल्या जवळच्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात महिन्याला वजन करून घ्या. काटा नसेल तर दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी मागा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांना दाखवा. साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी.