नाण्याचे कूळ कोणी शोधायचे?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. व्यवहाराने या पंक्तीत पैशालाही बसवले आहे. स्कॉटलंडमध्ये ह्यू क्रॉफर्ड यांनी टपालाने पाठवलेल्या, स्वतःची सही असलेल्या नोटा गहाळ झाल्या. त्यांतील एक पुढे रॉयल बँकेकडे आली. नोट ओळखता येत असूनही १७४९ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. हाती आलेल्या प्रत्येक नोटेचा पूर्वेतिहास तपासावा लागला, तर व्यापारच ठप्प होईल, हे त्यामागचे तत्त्व.

२००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने हे तत्त्व अडचणीत आणले आहे. त्याच्या सार्वजनिक खातेवहीत नावे नसतात. पण प्रत्येक हस्तांतराची नोंद कायम राहते. त्याचा लाभही आहे. बिटफिनेक्स या बाजारातून २०१६ मध्ये सुमारे एक लाख २० हजार नाणी चोरीला गेली. त्यांतील ९४ हजारांहून अधिक नाणी अमेरिकी यंत्रणांनी २०२२ मध्ये हस्तगत केली. तपासात या नोंदींचा माग मोलाचा ठरला.

परंतु हीच पारदर्शकता दोन व्यक्तींमधील थेट खरेदी-विक्रीत सामान्य माणसावर उलटते. त्याने प्रामाणिकपणे घेतलेले नाणे पूर्वी कधी चोरीच्या व्यवहारातून फिरले असेल, तर पुढे एखाद्या बाजारात जमा करताना ते संशयित ठरून अडकू शकते. म्हणून सावध खरेदीदार विश्लेषण कंपन्यांकडून नाण्याची आधीच तपासणी करून घेतात. त्याची किंमत खासगीपणाने मोजावी लागते. कोणत्या पत्त्याशी आपला संबंध आहे, हे त्या कंपनीला कळते. समोरच्यालाही त्या पत्त्यावरील शिल्लक आणि जुने व्यवहार पाहता येतात. शिवाय संशयाचे निकष कंपनीगणिक बदलतात आणि ते पूर्णपणे उघड नसतात.

हा कलंक किती अस्थिर असतो, हे टोर्नेडो कॅश प्रकरणात दिसले. व्यवहारांची सरमिसळ करून माग पुसणाऱ्या या सेवेवर अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले. त्यानंतर कोणी खोडसाळाने तिच्यामार्फत नामवंतांच्या पत्त्यांवर किरकोळ रकमा पाठवल्या. येणारी रक्कम नाकारण्याची सोय या व्यवस्थेत नसल्याने त्यांचे पत्ते न मागता डागाळले. मार्च २०२५ मध्ये हे निर्बंध उठले. नाण्यांचा इतिहास तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र बदलला.

भारतातही मार्च २०२३ पासून आभासी चलनाच्या बाजारांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायदा लागू आहे. चोराचा माग काढलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र तपासाचे ओझे आणि कलंकाची शिक्षा शेवटच्या प्रामाणिक धारकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. संशयाचे निकष जाहीर असावेत, अडकलेल्या रकमेबाबत दाद मागण्याची मुदतबद्ध सोय असावी आणि सद्हेतूने नाणे घेणाऱ्यास संरक्षण मिळावे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी कागदी नोटेला जे देता आले, ते संगणकीय नाण्याला नाकारण्याचे कारण नाही.