टेकडीवर कोण बसलंय?

'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन मालिकेच्या एका भागाची क्लिप अधूनमधून रील्सवर उगवते. कुठे दंगल झाली, कुठे जमावाने कुणाला मारलं, की शेवटचं दीड मिनिट फिरायला लागतं. खाली एकच ओळ : 'खरे राक्षस आपणच.' मग टाळ्या, तुटलेली हृदयं, 'इतक्या वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय बघा!' वगैरे. या ओळीशी माझं भांडण आहे. ती ओळ आळशी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती चुकीच्या माणसाला सोडून देते.

भागाचं नाव 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. ४ मार्च १९६० रोजी तो प्रसारित झाला. लेखन मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग याचं. जेमतेम पंचवीस मिनिटं, कृष्णधवल. उन्हाळा सरत आलेला, संध्याकाळचे ६ वाजून ४३ मिनिटं. झाडांची रांग असलेली एक सुखवस्तू गल्ली. मुलं खेळतायत, आइस्क्रीमवाला आलाय. डोक्यावरून काहीतरी गडगडत जातं, लखकन उजेड पडतो. उल्का असेल, असं म्हणून लोक परत कामाला लागतात. तर वीज गेलेली, फोन बंद, रेडिओ बंद, गाड्याही सुरू होत नाहीत. स्टीव्ह आणि चार्ली शहरात जाऊन चौकशी करायला निघतात, तेवढ्यात टॉमी नावाचा पोरगा त्यांना अडवतो. गोष्टींत असंच असतं म्हणतो : परग्रहवासी आधी आपली माणसं पाठवून ठेवतात, अगदी आपल्यासारखं दिसणारं कुटुंब. मोठी माणसं हसतात. आणि मग नीट हसतही नाहीत.

इथवर सगळे काळजीत आहेत, पण एकमेकांवर कुणी उठलेलं नाही. कारण अंधार सगळ्यांना सारखा आहे. गल्ली फुटते ती लेस गुडमनची गाडी आपोआप सुरू होते तेव्हा. तो गाडीत बसलेलाही नसतो. बाकी सगळ्यांच्या गाड्या ठप्प, मग याचीच कशी चालू? लगेच एका शेजारणीला आठवतं, हा रात्री-अपरात्री आकाशाकडे बघत उभा असतो. तो म्हणतो, अहो, मला झोप येत नाही. आता कोण ऐकतंय! मग स्टीव्हच्या घरातल्या हॅम रेडिओचा विषय निघतो. पुढे अंधारातून एक आकृती चालत येते आणि चार्ली गोळी घालतो. मरतो तो शेजारचाच पीट व्हॅन हॉर्न. आणि तेव्हाच चार्लीच्या घरातले दिवे लागतात. आता दगड चार्लीवर.

नीट बघा. भांडणाला कारण होतो तो निवडून दिलेला उजेड. एका गाडीला, एका घराला. कुणी एक शब्दही खोटं बोललेलं नाही, अफवासुद्धा वरून आलेली नाही. फक्त काय, कुणाला आणि कधी दिसावं, एवढंच कुणीतरी ठरवतंय.

ते कुणीतरी शेवटी दिसतात. कॅमेरा वर जातो. टेकडीवर दोघे परग्रहवासी, हाताशी एक छोटं यंत्र. एक जण दुसऱ्याला पद्धत समजावतोय : यांची यंत्रं बंद करायची, थोडा वेळ अंधारात ठेवायचं आणि बसून बघायचं. हे स्वतःच आपला शत्रू शोधतात, आणि तो शत्रू म्हणजे ते स्वतःच असतात. मग पुढची गल्ली, त्यानंतर त्याच्या पुढची.

म्हणजे 'माणूसच माणसाचा शत्रू' हे वाक्य या कथेत कुणाच्या तोंडी आहे? आक्रमकाच्या! ती त्याची कामाची पद्धत आहे, नव्या सहकाऱ्याला दिलेलं प्रशिक्षण आहे. आपण ते सुविचार म्हणून शेअर करतो. अमेरिकेतल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत या भागाची संहिता असते आणि वर्गात बहुधा जमावाची मानसिकता शिकवायला ती वापरतात. शिकवा की. पण टेकडीवरच्या दोघांना 'शेवटचा ट्विस्ट' म्हणून बाजूला ठेवलं, तर उरतं काय? गल्लीतली माणसं मुळातच नीच, झालं.

कुणी म्हणेल, सर्लिंगचं शेवटचं निवेदनही पूर्वग्रह हेच शस्त्र असल्याचं सांगतं. बरोबर आहे. पण शस्त्र म्हटलं की ते चालवणाराही आला. चार्लीने गोळी घातली, त्याचा गुन्हा रतीभरही कमी होत नाही. मात्र चार्लीचं नाव आपल्याला माहीत आहे. टेकडीवरच्यांना नावंही नाहीत.

स्विचवर हात कुणाचा असतो, हे सर्लिंगला चांगलं माहीत होतं. १९५५मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने आरोपींना सोडून दिलं. त्यावरून सुचलेलं सर्लिंगचं नाटक 'नून ऑन डूम्सडे' १९५६मध्ये टीव्हीवर आलं, तोवर त्याचा चोथा झाला होता. प्रायोजक होती पोलाद कंपनी, तिला दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या बहिष्काराची भीती. कथा उत्तरेतल्या न्यू इंग्लंडमध्ये हलवली, बळी कुणीतरी अनामिक परदेशी झाला. कोका-कोलाच्या बाटल्याही सेटवरून गेल्या, कारण त्या दक्षिणेची आठवण करून देतात! असल्या माणसाने तीन-चार वर्षांनी परग्रहवासी लिहिले. 'माणूस वाईट असतो' एवढंच सांगायला त्याला टेकडी लागली नसती.

२००३च्या नव्या आवृत्तीत टेकडीवरचे परग्रहवासी काढून लष्कराची माणसं बसवली आहेत. दहशतीच्या भीतीने नागरिक कसे वागतात, याचा प्रयोग ती करतायत. भाग तसा बेताचाच, पण वाचन पक्कं.

आणि आपल्याकडे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. पाचही जण भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मारणारे हात गावातलेच होते. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे स्विच होता. तो कुठे आहे, हे कुणाला तरी ठाऊक होतं आणि तो फिरवताही येत होता. तेव्हाही आपण 'माणुसकी मेली' असं स्टेटस ठेवलं. तेही त्याच ॲपवर.

मेपल स्ट्रीटवरचा पीट व्हॅन हॉर्न आठवतोय ना, ज्याला गोळी लागली तो? वीज गेल्यावर मागच्या अंगणातून तो शेजारच्या फ्लोरल स्ट्रीटवर गेला होता, तिकडे दिवे आहेत का बघायला. परत येताना कमरेला हातोडी होती. त्या गल्लीतून बाहेर जाऊन चौकशी करून आलेला तो एकटाच. तिकडे त्याला काय दिसलं, ते सांगायच्या आत चार्लीने चाप ओढला.