भयचित्रकथेलाही उचल द्या

२०२४ साली ‘मुंज्या’ नावाच्या हिंदी चित्रपटात कोकणातल्या भुतानं शंभर कोटींच्या पुढे धंदा केला. त्याच वर्षी ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला आणि २०१८ मध्ये पहिल्यांदा लागला होता त्यापेक्षा जास्त चालला. एकाचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, दुसऱ्याचा राही अनिल बर्वे. ‘तुंबाड’च्या मुळाशी नारायण धारपांची कथा. म्हणजे भूत आपलं, माती आपली, सांगणारेही आपले, आणि बघणारे तिकीट काढून येतात. असं असताना मराठीत भयाची चित्रकथा काढणाऱ्याला तिच्यावर महिन्याचा किराणाही भरता येऊ नये, हे मला पटत नाही.

मी पेणजवळ राहतो. माझं पोट गणपतीच्या कारखान्यांवर चालतं, आणि काम आहे आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्याचं. आधी भुवई, मग वरच्या पापणीची रेघ, खालची पापणी, बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. पैसे नगावर मिळतात. परदेशी जाणारे गणपती पावसाच्या आधीच बोटीवर चढतात, मुंबई-पुण्याचे त्यानंतर. सीझन आटोपला की जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती रंगवतो. तिथे पाढे, ऋतू, महाराष्ट्राचा नकाशा. शिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची शिकवणी. या सगळ्यातून जी रात्र उरते, ती ‘खांड’ची.

‘खांड’ ही माझी भयचित्रकथा. आमच्या खारेपाटात समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेलं असतं आणि त्या बांधाआड भातशेती. उधाणाच्या भरतीला बांध कुठेतरी फुटतो, त्याला खांड गेली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भात धरत नाही. चहूबाजूंनी पाणी, आणि प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, असे उन्हाळे या पट्ट्यानं कितीतरी काढले. मी लहान असताना शेजारचे एक काका रात्री खाडीवर जाळं टाकायला जायचे. पाण्यात गिऱ्हा असतो, तो ओळखीच्या माणसाचं रूप घेतो आणि हाक मारून खोल पाण्यात नेतो, हे मी त्यांच्याकडून ऐकलं. ते सांगत तेव्हा आवाज चढवत नसत, हातवारेही करत नसत. मासळीचा भाव सांगावा तसं सांगत. म्हणूनच ते खरं वाटायचं.

माझ्या गोष्टीत अमावास्येच्या रात्री खांड जाते. गावातली सगळी माणसं माती टाकायला धावतात आणि एका पोराला कंदील देऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला राखणीला बसवतात. त्याचा बाप खांडीवर आहे, हे वाचकानं आधीच पाहिलेलं असतं. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत पोराच्या पाठीमागून बापाचा आवाज येतो, “घरा चल.” पान उलटलं की अख्ख्या पानभर काळं पाणी आणि त्यात दोन डोळे. ते डोळे मी गणपतीइतक्याच काळजीनं आखतो. फक्त तो पांढरा ठिपका देत नाही. बघणारे डोळे आणि मेलेले डोळे यांच्यात एवढाच फरक आहे आणि तो मला कारखान्यानं शिकवला.

हे पान छापावंच लागतं. लोक सुचवतात की मोबाइलवर टाक, फुकटात हजारो लोक बघतील. काही पानं मी टाकलीही, लोकांनी मनापासून कौतुक केलं. पण बोटानं वर सरकवताना पुढची चौकट हळूहळू वर येते, डोळ्यांचा अंदाज आधीच लागतो. कागदावर वाचक स्वतःच्या हातानं पान उलटतो. भीती त्या हातात असते. उलटू की नको, असा जो क्षणभर थांबा येतो त्याच्यासाठीच आधीची सगळी पानं रचलेली असतात.

मग कागद आला, आणि कागदाबरोबर पैसा. भयकथेत काळा रंग भरपूर लागतो. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथोवर भरीव काळा छापला की तो मागच्या पानावर दिसतो आणि पुढची भीती आधीच फुटते. म्हणजे जाड कागद हवा. रंगीत छपाई परवडणारी नाही, म्हणून एकरंगी. बत्तीस पानं, कव्हर, सेंटर पिन. प्रती कमी काढल्या की एका प्रतीचा खर्च चढतो, जास्त काढल्या की पैसा गठ्ठ्यांत अडकतो. विक्रेते चाळीस टक्के मागतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही दुकानाचं भाडं आहे. पण छपाई आणि कमिशन वजा करून जे हातात राहतं, त्यात चित्रं काढायला लागलेल्या वेळाचा एक पैसा नसतो. एक पान मनासारखं उतरायला मला तीन-चार रात्री लागतात. छापखानेवाल्याला त्याचे पैसे मिळतात, कागदवाल्याला मिळतात, कुरिअरवाल्याला मिळतात. चित्र काढणाराच तेवढा आवडीखातर काम करतो, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

आवड आहेच. आखणीचीही आवड आहे, पण म्हणून कारखान्याचे शेठ मला फुकट राबवत नाहीत. उलट सीझन सुरू व्हायच्या आधी उचल देतात. ती उचल घरात येते म्हणून मी कामाच्या दिवसांत दुसरीकडे धावत नाही, आणि म्हणून डोळे चांगले उतरतात. पैसे आधी आले की कामाचा दर्जा वाढतो, हे पेणमधला कुठलाही कारखानदार सांगेल. चित्रकथेला मात्र आपण म्हणतो, आधी काढून दाखव, छाप, खप, मग बघू.

जपानमधल्या जुंजी इतोचं नाव भयचित्रकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. तो दंत-तंत्रज्ञ होता, दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवण्याचं काम करायचा. ती नोकरी चालू असतानाच १९८७ मध्ये त्यानं ‘तोमिए’ ही कथा एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्या मासिकानं त्याला पुढे पानं दिली. त्याची प्रतिभा मोठी, यात शंका नाही. पण भयचित्रकथेसाठी नवख्यांची स्पर्धा घेणारं मासिक तिथे होतं. शिगेरू मिझुकीचंही तसंच. युद्धात डावा हात गेला, तरी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी तो वर्षानुवर्षं भुतांच्या चित्रकथा काढत राहिला. पैसे तुटपुंजे होते, गरिबी पाठ सोडत नव्हती, पण कामाला गिऱ्हाईक होतं. आज त्याच्या साकाईमिनातो या मासेमारीच्या बंदरात रस्त्याच्या कडेनं त्यानं काढलेल्या भुतांचे शंभराहून अधिक ब्राँझचे पुतळे उभे आहेत आणि ते बघायला लोक लांबून येतात. आमच्या किनाऱ्यावर गिऱ्हा, हडळ, जखीण, खवीस, देवचार, समंध यांची काय कमी आहे? प्रत्येक खाडीची गोष्ट वेगळी आहे. ती सांगणारी काकांसारखी माणसं एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर ते बिनआवाजी सांगणंही जातंय.

भयकथा आणि तिला पैसे मोजणारा वाचक मराठीला परके नाहीत, म्हणूनच मी आशेनं लिहितो. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दरवर्षी अंक निघतात आणि लोक पदरचे पैसे मोजून ते घेतात. ‘धनंजय’सारख्या अंकानं रहस्यकथा-भयकथांना हक्काची जागा दिली. धारप, रत्नाकर मतकरी यांनी भयकथा-गूढकथांना वाचक मिळवून दिला. व्यंगचित्राला तर आपल्या अंकांत मानाचं पान असतं. मग आठ पानांची चित्रकथा का नको? मोठे ग्रंथ, खंडांचे संच प्रकाशनपूर्व सवलतीत विकायची आपली जुनी रीत आहे. पुस्तक हातात पडायच्या कितीतरी आधी वाचक पैसे भरतात आणि त्यावर छपाई उभी राहते. हीसुद्धा उचलच. ज्या वाचकाला आपल्या भाषेत भय हवंय, त्यानं कलाकाराच्या पोस्टला नुसती दाद न देता पुढच्या अंकाची नोंदणी करावी, एवढं मी मागतो. गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांच्या खरेदीतही चित्रकथा आली पाहिजे. बालविभागाच्या कपाटात नाही, कादंबऱ्यांच्या शेजारी.

कोणी म्हणतं, आता एआयला सांगितलं की पाच मिनिटांत भूत तयार. होतंही. पण बांधावरची चिखलात रुतलेली होडी कुठल्या बाजूला कलते, ओहोटीला खारफुटीची मुळं कशी उघडी पडतात, रात्री कंदील धरणाऱ्या पोराचा हात कुठे थरथरतो, हे खारेपाटात राहून डोळ्यांत भरून घ्यावं लागतं. त्यातलं एक जरी चुकलं तर आमच्या गावचा माणूस त्या पानाला घाबरणार नाही, आणि तो घाबरला नाही तर ती गोष्ट आमची राहणार नाही.

‘खांड’चा दुसरा भाग अर्धा झालाय. पहिल्यात पोराला हाक ऐकू आली, दुसऱ्यात बाप त्याला शोधायला निघतो. गणपती बसले की माझे हात मोकळे होतील आणि त्याच सुमाराला दिवाळी अंकांची पानं लागायला घेतात. संपादकांना माझं सांगणं आहे, एकट्या माझ्यासाठी नव्हे, माझ्यासारखी दिवसा दुसरं काम करून रात्री चित्रकथा काढणारी जी पोरं-पोरी आहेत त्या सगळ्यांसाठी: यंदा अंकात आठ पानं चित्रकथेची ठेवा, पानाचा दर आधी सांगा, निम्मे पैसे काम सांगताना द्या आणि उरलेले चित्रं हातात पडतील त्या दिवशी. अंक खपायची वाट बघायला लावू नका.